सुका कचरा केंद्रावर न्यायच्या आधी घरी काय-काय वेगळं करता? (नागपूर)

खामला_गच्चीवाली

नमस्कार मंडळी. आमच्या ले-आउटच्या समाजभवनात दर रविवारी सकाळी सुका कचरा घ्यायचं केंद्र असतं. बचत गटातल्या बाया ते चालवतात, मी अधूनमधून मदतीला बसते. आता आजूबाजूच्या वस्तीतले लोकंही आणून देऊन राहिले ही चांगलीच गोष्ट आहे, पण जे येतं ते पाहून वाटलं का यावर एक धागा काढावा, कारण वेगळं करा, वेगळं करा असं सगळेच सांगतात पण म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी बसून सांगत नाही.

ओलं हिरव्या डब्यात, सुकं निळ्या डब्यात हे इतक्या वर्षांत आपल्याला पाठ झालं आहे. पण निळ्या डब्यातलं सगळं पुढे कोणाच्या तरी हातातून जातं, एकेक वस्तू उचलून, पाहून, ढिगात टाकून. त्या हातांना काय सोपं जातं आणि काय त्रासाचं होतं ते एकदा समजलं का घरचं वर्गीकरण आपोआप जमतं, मग बाटलीखालचे आकडे न् त्रिकोण नाही कळले तरी चालतं.

सगळ्यात जास्त नुकसान ओलाव्यानं होतं. वरून पाहिलं तर रद्दीची छान पिशवी असते, आत हात घातला का खाली दह्याचा अर्धा भरलेला डबा आडवा झालेला असतो, आणि मग वरचे दोन-चार पेपर सोडले तर बाकी सगळी रद्दी गेली, पावसाळ्यात तर एका रात्रीत बुरशी धरते. त्यात भाजीचा रस्सा, सॉसच्या पुड्या, चहाची गाळलेली पत्ती असलं का बायांना नाक धरून काम करावं लागतं. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणणं हे का वस्तू रिकामी करा, विसळा, वाळवा, आणि मगच पिशवीत टाका. एवढं एकच केलं आणि बाकी सगळं एकत्र आणलं तरी केंद्रावर ते अर्ध्या वेळात वेगळं होतं.

दुधाच्या पन्नीचं, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीचं सांगते, कारण ती रोजची आहे. कोपरा कापताना तो पूर्ण तोडून टाकायचा नाही, थोडा लटकता ठेवायचा. तो बोटभर तुकडा वेगळा झाला का मोरीत जातो, नाहीतर झाडूत जातो, तो परत कोणीच उचलत नाही आणि नाल्यात पोचतो. दूध काढलं का पन्नी एका बाजूनं पूर्ण उघडायची, आतून पाणी फिरवायचं आणि ओली असतानाच ओट्यामागच्या टाइल्सला चिकटवून द्यायची. वाळली का स्वतःच गळून पडते. मग एका जुन्या तांदळाच्या थैलीत दाबून ठेवायच्या. महिनाभराच्या पन्न्या एका हातात मावतात आणि वास अजिबात नाही येत.

दुसरं म्हणजे गाठी मारू नका. पिशवीत पिशवी, त्यात परत पिशवी, प्रत्येकीला पक्की गाठ, अशी चुंगडी आली का बाया ब्लेड घेऊन बसतात. मोकळं आणा, मोठ्या थैलीत आणा, थैली वापस घेऊन जा.

घरी फार प्रकार करायची गरज नाही. कागद-पुठ्ठा एक, प्लास्टिक एक, धातू आणि काच मिळून एक, आणि चौथा छोटा डब्बा अशा वस्तूंचा ज्या कशातच मिसळू द्यायच्या नाहीत. त्या चौथ्या डब्याबद्दल खाली बोलूच. तुम्ही लोकं घरी कसं करता ते सांगा, आणि अडतं कुठे तेही लिहा.

मनीषनगर_काका

ताई, धागा चांगला काढला. माझी अडचण पाण्याची आहे. आमच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर सुरू होतो, तिथे कचरा धुवायला पाणी कुठून आणायचं? दह्याचा डबा धुवायला एक तांब्या पाणी घालवणं मनाला पटत नाही.

खामला_गच्चीवाली

काका, अगदी बरोबर बोलले. ताजं पाणी वापरूच नका. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी असतं, भांड्यांचं शेवटचं विसळलेलं पाणी असतं, त्यात डब्बा एकदा बुडवून हलवला तरी पुरे. घासून लख्ख करायचं नाहीच आहे. बोटाला चिकटलं नाही आणि नाकाला वास आला नाही का झालं. वाळवायला तर आपलं नागपूरचं ऊन आहेच, गच्चीवर टोपल्यात टाकलं का तासाभरात कोरडं.

तेलाचं पाकीट मात्र पाण्यानं निघत नाही. ते कापून, रात्रभर कढईवर उलटं टांगून ठेवायचं, तेल पूर्ण निथळतं, मग चमचाभर जुनं बेसन किंवा कणीक आत चोळून पुसून घ्यायचं. ते पीठ ओल्यात टाकायचं. तुपाच्या आणि लोण्याच्या पाकिटालाही हेच.

इतवारी_रद्दीवाला

नमस्कार, माझा इतवारीत रद्दी-पुठ्ठ्याचा धंदा आहे, वडिलांपासून. कागदाचं मी सांगतो.

लोकांना वाटते कागद म्हणजे कागद, तसं नाही आहे. आमच्याकडे पेपर वेगळा, कॉपी-पुस्तकं वेगळी, तपकिरी पुठ्ठा वेगळा, आणि टूथपेस्टचा, औषधाचा, बिस्किटाचा डबा असते ना आतून राखाडी, तो वेगळा. तुम्हाला घरी एवढं करायची गरज नाही, पण पेपर आणि पुठ्ठा तरी वेगळा बांधा. स्टेपलच्या पिना काढत बसू नका, मिलमध्ये लगदा झाल्यावर त्या निघून जातात. खोक्यावरचा रुंद टेप मात्र ओढून काढा, तो लगद्यात गोळा होऊन बसते.

ओला कागद आणला तं मिलवाला वजन कापते, आणि जास्त ओला असला तं गाडीच वापस करते, म्हणून आम्हीपण कापतो. लोकं भांडतात, पण वजन पाण्याचं असलं तं पैसे कशाचे देऊ?

आता जे कागद दिसते पण रद्दीत चालत नाही ते सांगून ठेवतो. मॉलमधलं, एटीएममधलं गुळगुळीत बिल, ज्यावर नख ओढलं तं काळी रेघ उमटते, त्यावर केमिकल असते, ते घेऊ नका म्हणून आम्हाला मिलमधून सांगितलेलं आहे. चहाचे कागदी कप, आतून प्लास्टिकचा थर आहे. तेल प्यायलेला पिझ्झ्याचा तळ, फरसाणाचे, आलुबोंड्याचे कागद. पिझ्झ्याचं झाकण कोरडं असते, ते फाडून पुठ्ठ्यात टाका, तळ ओल्यात. आणि लग्नपत्रिका! मखमल, सोनेरी वर्ख, चकाकीचे दाणे, आतमध्ये मणी. साधा आतला कागद काढून द्या, बाकीची पत्रिका कोणीच घेत नाही. लग्नसराई झाली का आमच्याकडे पोत्यांनी येतात आणि आम्हाला त्या वेचून फेकाव्या लागतात.

कागद किती वेळा परत बनते असंही बरेच लोकं विचारतात. दरवेळेस त्याचे धागे आखूड होतात, पाच ते सात वेळा होते साधारण, मग तो लगदा कामाचा राहत नाही. म्हणून पहिल्या वेळचा पांढरा कागद खराब करू नका, त्याच्यात सगळ्यात जास्त जीव असते.

नंदनवन_स्वाती

धागा वाचून मला एक विचारावंसं वाटलं. आमच्याकडे ठरलेला कबाडी आहे, खूप वर्षांपासून येतो. पेपर, पुठ्ठा, लोखंड, बाटल्या सगळं त्याला देते, थोडे पैसे पण येतात, ते मी कामवाल्या ताईंना देते. उरतं ते चिप्सची पाकिटं, बिस्किटांचे कागद, थर्माकोल, असलं सगळं मी केंद्रावर नेते. केंद्रावरच्या बाईंनी मागच्या वेळेस काही म्हटलं नाही पण त्यांचा चेहरा उतरला. यात काही चुकतं का?

खामला_गच्चीवाली

स्वाती, हा प्रश्न तू विचारला ते बरं झालं, कारण धाग्याचं खरं दुखणं इथेच आहे.

केंद्र कसं चालतं ते पाहा. माल नेणाऱ्या टेम्पोचं भाडं, बायांचा दिवसाचा मोबदला, हातमोजे, पोती, हे सगळं मालाच्या विक्रीतून निघतं. पैसे कशाचे येतात, तर पुठ्ठ्याचे, पाण्याच्या बाटल्यांचे, अॅल्युमिनियमचे, लोखंडाचे, दुधाच्या पन्नीचे. चिप्सच्या पाकिटाला कोणी काही देत नाही, उलट जागा तेच जास्त खातं, हलकं आणि फुगलेलं. आता प्रत्येक घरानं भावाचं सगळं बाहेर विकलं आणि बिनभावाचं केंद्रावर दिलं, तर केंद्र किती दिवस टिकेल? आणि ते बंद झालं का तीच पाकिटं गाडीत जातील, तिथून भांडेवाडीला, शहराच्या कचरा डेपोत. दर उन्हाळ्यात तिथे आगी लागतात ते आपण पाहतोच, पूर्व नागपुरातल्या लोकांनी तो धूर किती वर्षं गिळायचा?

म्हणून मी माझ्या घरी असं केलं आहे का पेपरची रद्दी कबाडीदादांना, ते बंगल्या-बंगल्यातून हातगाडी ढकलत येतात आणि पेपर हाच त्यांचा मुख्य माल असतो. बाटल्या, डबे, पन्न्या, डब्यांची झाकणं, अॅल्युमिनियम फॉइल हे सगळं केंद्रावर, पाकिटांच्या सोबतीनं. बिनभावाच्या वस्तूंबरोबर थोडा भावाचा माल जाऊ द्यायचा, एवढंच सांगणं आहे. तू काही चुकीचं करत नाहीस, पण जमलं तर हे करून पाहा.

इतवारी_रद्दीवाला

ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे पण एक बाजू राहिली. कबाडीवाला हा काही केंद्राचा दुश्मन नाही. हे केंद्र-बिंद्र काही नव्हतं तेव्हापासून या शहरातलं लोखंड, काच, कागद त्यानंच वाचवलं, उन्हातान्हात, कोणी पगार देत नाही का कोणी सत्कार करत नाही. प्लास्टिकचे डबे-बाटल्या पण तो घेते, त्याच्यावर त्याचं घर चालते. केंद्रासाठी त्याच्या पोटावर पाय नको. आणि जो माल विकल्याच जात नाही त्याचा खर्च घरच्या लोकांनी किंवा कबाडीवाल्यानं काऊन भरायचा? ज्यानं ते पाकीट बनवलं त्यानं भरावा ना.

एलआयटी_जुना

रद्दीवाले भाऊ शेवटचं जे बोलले ते कायद्यातच आहे. प्लास्टिक पॅकिंग बाजारात आणणाऱ्या कंपनीनं तेवढं प्लास्टिक परत गोळा होईल याची जबाबदारी घ्यायची, असं प्लास्टिक कचरा नियमांमध्ये आहे, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच्या सविस्तर मार्गदर्शक सूचनाही नियमात जोडल्या गेल्या. त्यामुळे केंद्रानं गोळा केलेल्या पाकिटांचे पैसे नोंदणी असलेल्या प्रक्रियाकारामार्फत कंपनीकडून आले पाहिजेत. छोट्या केंद्रांपर्यंत ते पोचावेत यासाठी वजनाच्या पावत्या जपून ठेवणं फार महत्त्वाचं आहे. ताई, तुमच्या गटाला सांगा, प्रत्येक खेपेची पावती फाइलला लावा.

आता प्लास्टिकबद्दल थोडं लिहितो, मी एलआयटीत, म्हणजे इथल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत शिकलो आणि नोकरी पॉलिमरमध्येच केली. वस्तूखालच्या त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो. १ म्हणजे पेट, पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्या. २ एचडीपीई, शाम्पूच्या बाटल्या, फिनाईलचे कॅन. ४ एलडीपीई, आपली दुधाची पन्नी. ५ पीपी, श्रीखंडाचा डबा, हॉटेलचे पार्सलचे डबे. यांना सगळ्यांना गिऱ्हाईक आहे. ३ पीव्हीसी, ६ पॉलिस्टायरिन, त्यातच थर्माकोल आला, आणि ७ म्हणजे बाकीचं सगळं मिश्र. हे पाठ करायची गरज नाही असं ताईंनी लिहिलं त्याच्याशी मी सहमत आहे, पण दोन गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली, बाटलीचं झाकण. बाटली पेटची आणि झाकण दुसऱ्या प्लास्टिकचं असतं. कारखान्यात तुकडे करून पाण्यात टाकतात, पेट बुडतं, झाकणाचं प्लास्टिक तरंगतं, तिथेच दोन्ही वेगळे होतात. म्हणून बाटली रिकामी करा, चेपा, झाकण लावून द्या. सुटं झाकण हरवतं आणि गटारात जातं. केंद्रावर मागत असतील तर मात्र वेगळं द्या. पीव्हीसीची अडचण अशी का ते पेटसारखंच बुडतं. आणि पेट वितळवायला जेवढी उष्णता लागते त्याच्या खूप आधीच ते जळून त्यातून आम्ल निघतं, थोडंसं मिसळलं तरी अख्खी खेप पिवळी पडते. म्हणून नळाचे पाइप, जुने रेक्झिन, पावसाळी टेबलक्लॉथ बाटल्यांच्या थैलीत टाकू नका.

दुसरी, ती चकाकती पाकिटं. चिप्सच्या पाकिटाच्या आत चांदीसारखं दिसतं तो अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळं प्लास्टिक. हे थर सोडवणं खर्चात परवडत नाही. त्यामुळे ती बहुतेक वेळा सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी जाळतात, तिथे १४०० अंशांच्या वर तापमान असतं. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. हे काही रिसायकलिंग नव्हे, पण उघड्यावर जळण्यापेक्षा किंवा नाग नदीत वाहत जाण्यापेक्षा पुष्कळ बरं. ताक-ज्यूसचे चौकोनी खोके असतात त्यात पाऊण भाग कागद असतो, उरलेलं प्लास्टिक आणि थोडं अॅल्युमिनियम. त्यातला कागद पाण्यात घुसळून निघतो, म्हणून ते खोके कापून, विसळून, चपटे करून वेगळे ठेवा.

खामला_गच्चीवाली

सर, पावतीचं मी उद्याच गटात सांगते, फार कामाचं सांगितलं. आणि रद्दीवाले दादा, तुमचं बोलणं मनाला लागलं, कबाडीदादाच्या पोटावर पाय येईल असं काही आम्हालाही नको आहे. ज्यांच्याकडे ठरलेला कबाडी आहे त्यांनी तो तोडू नये. ज्यांच्याकडे कोणी येत नाही, फ्लॅटच्या गेटवर वॉचमन आत येऊ देत नाही, अशी भरपूर घरं आहेत, त्यांनी सगळंच केंद्रावर आणावं. आणि स्वाती, तू बाटल्या तुझ्या कबाडीलाच दे, केंद्रावर दुधाच्या पन्न्या आणि फॉइल आणत जा, तेवढ्यानंही फरक पडतो.

पाकीट आणि पन्नी यातला फरक हातालाच कळतो. दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहायचं. ताणली जाते, लांबते, ती पन्नी, तिला भाव आहे, ब्रेडची पिशवी, कपड्यांचं पॅकिंग, कुरिअरमधली फुग्याफुग्यांची पन्नी यातच येते. ताणलं तर कडकडतं आणि पटकन फाटतं ते पाकीट, ते वेगळं.

बेसा_नवीन

आम्ही पुण्याहून इकडे राहायला आलो, इथला उन्हाळा आणि कूलर दोन्ही नवीन. कूलरच्या जुन्या ताट्या काढल्या आहेत, गवतासारख्या आहेत, त्या ओल्यात टाकायच्या का सुक्यात? गाडीवाले घ्यायला तयार नाहीत. आणि एक जुना पंप पण आहे.

खामला_गच्चीवाली

बेसा, स्वागत आहे नागपुरात! मार्च-एप्रिलमध्ये अख्ख्या शहरात हाच प्रश्न असतो, कोपऱ्या-कोपऱ्यावर ताट्यांचे ढीग दिसतात.

गवतासारख्या म्हणजे लाकडाच्या बारीक साली असतात, किंवा वाळ्याच्या मुळ्या. बाहेरची जाळी आणि तार कापून काढा. तार लोखंडात, जाळी प्लास्टिकची असली तर केंद्र घेत नाही, ती गाडीच्या सुक्यात. आतला भुसा उन्हात वाळवून जोरात झटका, पाण्याचा पांढरा क्षार बराच निघून जातो, आणि मग घरी खताचा डबा असेल तर त्यात ओल्याच्या प्रत्येक थरावर मूठभर टाकत जा. ओलं फार चिकचिक होत नाही, वास नाही येत. एका कूलरच्या ताट्या वर्षभर पुरतात. सुगंधी औषध मारलेल्या ताट्या असल्या तर खतात नको. आणि मधमाशीच्या पोळ्यासारखं जाड तपकिरी पॅड असेल तर त्यावर राळेचा लेप असतो, तो खतात चालत नाही, केंद्रावरही घेत नाहीत, सरळ गाडीच्या सुक्यात द्यावा लागतो.

पंप ई-कचऱ्यात. आत तांब्याची गुंडाळी असते, उघडून तांबं काढायला रस्त्यावर वायरी जाळतात लोकं, तो धूर फार विषारी, म्हणून तसाच अख्खा द्या.

सक्करदरा_सिस्टर

मी नर्स आहे. ताईंनी चौथ्या डब्याबद्दल लिहिते म्हटलं होतं, त्यावर मला लिहू द्या, कारण माझ्या दृष्टीनं सगळ्यात आधी तोच पाहिजे.

आजकाल घराघरात शुगरचे पेशंट आहेत, इन्सुलिन घरीच घेतात, आणि सुई? टोपण लावून डस्टबिनमध्ये. टोपण गळून पडतं. ती सुई पन्नीतून बाहेर येते आणि कचरा उचलणाऱ्याच्या, वेचणाऱ्याच्या हातात जाते. २०१६ च्या घनकचरा नियमातही घरच्या घातक कचऱ्यात सुया-सिरिंज स्पष्ट लिहिलेल्या होत्या. फिनाईलची किंवा लिक्विड साबणाची जाड बाटली घ्या, पातळ पाण्याची बाटली नको, ती टोचली जाते. वापरली का सुई टोपण न लावता सरळ त्यात. पाऊण भरली का झाकण घट्ट, वर टेप, वर मोठ्या अक्षरात "सुया". केंद्रावर नका देऊ. तुमच्या डॉक्टरांकडे किंवा जिथे इंजेक्शन घेता त्या दवाखान्यात विचारा, त्यांचा वैद्यकीय कचरा वेगळा जातो, बरेच जण घेतात. नाहीच घेतला तर घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या आणि तोंडानं सांगा का यात सुया आहेत.

तसंच पॅड आणि डायपर, कागदात गुंडाळून वर लाल खूण करा. पुण्यात कचरावेचक ताईंच्या संघटनेनं ही लाल ठिपक्याची पद्धत सुरू केली, उघडून पाहायची वेळच येत नाही त्यामुळे.

खामला_गच्चीवाली

सिस्टर, मनापासून धन्यवाद. आमच्याकडे हे घडलं आहे. गटातल्या एका काकूंनी औषधांच्या खोक्यांनी भरलेली पिशवी उघडली, वरून सगळं कोरडं, स्वच्छ, त्यांनी खोकी चपटी करायला हातात घेतली आणि एका खोक्याच्या आतून सुई आरपार बोटात गेली. हातमोजा होता तरी. रक्ताचा एक थेंब आला, त्यांनी पदरानं पुसला आणि परत कामाला हात घातला. आम्हीच त्यांना उठवून दवाखान्यात नेलं. पुढे तपासण्या, परत तपासण्या, रिपोर्ट चांगले आले, पण मधले ते महिने त्या माणसानं कसे काढले असतील? त्यांच्या घरी दोन लहान नातवंडं आहेत, काकू त्यांना जेवू घालायलाही घाबरायच्या. ती पिशवी कोणत्या घरची होती ते आम्ही शोधलं नाही, शोधून काय करणार, पण तेव्हापासून औषधाचं खोकं दिसलं का बाया आधी ते टेबलावर उलटं करतात.

सक्करदरा_सिस्टर

कोणालाही टोचलं तर लगेच वाहत्या पाण्यात साबणानं धुवायचं, बोट दाबून पिळायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. एचआयव्हीसाठी जे प्रतिबंधक औषध असतं ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. जेवू घातल्यानं, एकत्र राहिल्यानं काहीही होत नाही, हे काकूंना माझ्याकडून सांगा. टेबलापाशी हा कागद लिहून लावा.

चौथ्या डब्यात अजून काय, तर ट्यूबलाइट आणि सीएफएल, त्यात पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, पंखा बंद, दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर, मग जाड पुठ्ठ्यानं गोळा करा, झाडू मारू नका. मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकू नका. रिकामी स्ट्रिप अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक चिकटवलेली असते, ती पाकिटांच्या गटात.

एलआयटी_जुना

बॅटऱ्या विसरू नका. मोबाईलची, पॉवरबँकची, खेळण्यातली, कानात घालायच्या इयरबडची, या लिथियमच्या. कचरागाडीत दाबल्या गेल्या का आतला पडदा फाटतो आणि पेट घेतात, भोवती कोरडा कागद, वर ४५ अंशांचं ऊन. दोन्ही टोकांना सेलोटेप लावा आणि काचेच्या बरणीत सावलीत ठेवा. फुगलेली बॅटरी असेल तर थांबू नका, लगेच ई-कचरावाल्याकडे. २०२२ चे बॅटरी कचरा नियम आहेत, बनवणाऱ्या कंपनीवरच परत घ्यायची जबाबदारी आहे.

महाल_वाडा

कपड्यांचं कोणी लिहिलं नाही. सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरीकडल्या घरांतले कपडे, गाद्या रस्त्यावर आले होते, तेव्हा मदत म्हणून लोकांनी एवढे फाटके-मळके कपडे पाठवले का वेगळं करायला माणसं कमी पडली. द्यायचे कपडे धुऊन, बटणं पाहून, घडी करून द्या. आपण स्वतः घालू का, हे विचारा. फाटक्या सुती लुगड्यांची आमच्याकडे वाकळ शिवतात किंवा पुसणी करतात, नायलॉनचं मात्र काहीच होत नाही.

हुडकेश्वर_मंगला

आमच्याकडे असं केंद्र नाही आहे. कुठे न्यायचं? आणि संत्र्याच्या सालांचं काय करता सगळे, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरची संत्री आली का आमच्याकडे रोज टोपलंभर निघतात.

खामला_गच्चीवाली

मंगलाताई, मे २०२३ मध्ये देशभरात आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं निघाली, कपडे, पुस्तकं, खेळणी, प्लास्टिक देण्यासाठी. मनपाचे १० झोन आहेत, तुमच्या झोन ऑफिसात आरोग्य विभागात विचारा का आपल्या भागात सध्या कुठे सुरू आहे. तोपर्यंत दोन-चार घरं मिळून एका ठिकाणी गोळा करा, कोरडं असलं तर महिनाभर ठेवलं तरी काही होत नाही, आणि भरलं का आमच्याकडे घेऊन या, बाहेरच्यांचंही घेतो.

संत्र्याच्या साली सगळ्या खतात टाकू नका, आंबट असतात, हळू कुजतात. थोड्या वाळवून टाका, बाकीच्यांचं एन्झाइम, म्हणजे आंबवलेलं सफाईचं पाणी करा: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत, काचेच्या नको कारण गॅस होतो. वर चौथा हिस्सा जागा रिकामी ठेवा, पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडा. तीन महिन्यांनी गाळून फरशी पुसायला घ्या.

मनीषनगर_काका

ताई, फुटलेली काच आणायची आहे, खिडकीची पण आहे आणि लोणच्याची बरणी पण. कशी आणू?

खामला_गच्चीवाली

काका, दोन्ही वेगळं. बरणी-बाटलीची काच वेगळ्या बनावटीची, खिडकीची, आरशाची, ओव्हनच्या भांड्याची वेगळी, एकत्र केली का भट्टीतला माल खराब होतो. कपबशा तर काच नव्हेतच, त्या आणू नका. फुटलेली काच खोक्यात घाला, भोवती पेपर कोंबा, खोकं टेपनं बंद करा आणि वर मार्करनं "काच" लिहा, पन्नीत अजिबात नको. लोणच्याच्या बरणीचं तेल तेवढं पुसून घ्या. या रविवारी टेम्पो लवकर येणार आहे, साडेनऊच्या आत आले तर बरं होईल.